मोठी देणगी भिंतीला, लहान देणगी भाकरीला
(ऊसतोड मजुरांच्या मुलांकरिता वसतिगृह काढावे म्हणून भरलेल्या गावसभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. आता मुकादमाच्या उचलीचा हिशेब होईल, गाड्या लागतील आणि आपल्या गावची शंभर घरे कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतील. गावात घरे तीनशे. शंभरांस कुलूप लागले म्हणजे दोनशे उघडी राहतात. आईबापांबरोबर पोरेही जातात. पाटीवर अक्षर गिरवायचे ते हात फडात वाढे गोळा करतात, नाही तर कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळीत बसतात. उन्हाळ्यात ती परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो व ती मागे राहिलेली असतात. दोन-तीन हंगाम असे गेले म्हणजे त्यांचे शाळेतले नाव फक्त हजेरीपटावर उरते.

ह्या मुलांना गावातच ठेवून घ्यावे, दोन वेळा जेवू घालावे व शिकवावे, एवढ्यासाठी वसतिगृह काढण्याचा आपला विचार आहे. विचार सर्वांना पसंत आहे. अडते ते एका प्रश्नावर, आणि तो म्हणजे पैसा कोठून आणावयाचा? आम्ही आज त्याच प्रश्नावर बोलणार आहोत. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिच्यासाठी अर्ज करावा, पाठपुरावा करावा. तो आपला हक्क आहे. परंतु अनुदान येईल तेव्हा येईल. पोराला भूक मात्र रोज सकाळी लागते.

संस्था काढणे सोपे असते. नारळ फोडला, फलक लावला, हारतुरे झाले की संस्था निघाली. पण चालते ती किती दिवस? आपल्या पंचक्रोशीत आठवून पाहा. पुष्कळ संस्थांच्या दारांना आज कुलूप आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींची कथा एकच आहे. त्या एका धनिकाच्या जिवावर उभ्या राहिल्या. तो राजी होता तोवर दिवा जळला. तो रुसला, निवडणूक हरला किंवा मेला, की तेल संपले. शिवाय तो होता तोवर कोणाच्या पोराला घ्यावे व कोणाच्या पोराला घेऊ नये हेही तोच ठरवीत होता. जो खाऊ घालतो तो धनी होतो, हे आपण बलुत्याच्या दिवसांपासून ओळखून आहोत. म्हणून आपली संस्था आपली राहावी असे वाटत असेल, तर तिला खाऊ घालणारे हात पुष्कळ असले पाहिजेत. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते एवढेच. बाकीचे सारे त्याच्या पोटात येते.

हे कोणाच्या कल्पनेतले नाही, आपल्या मुलखात घडलेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व 1924 साली तिचे ठाणे साताऱ्यास नेले. सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. त्या मुलांना जेवू घालण्यास मुष्टिफंड होता. घरची बाई दळणाला धान्य काढताना एक मूठ बाजूला टाकी आणि ते धान्य बोर्डिंगात येई. मुलेही फुकटचे खात नसत. शेतात राबत, दगडमाती वाहत, स्वतः स्वयंपाक करीत. आणि कोठीत दाणा नव्हता तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मुलांच्या पोटासाठी दिले. ह्या माउली 1930 साली वारल्या. आज त्या संस्थेच्या शाळा व महाविद्यालये महाराष्ट्रभर आहेत, पण तिच्या मुळाशी शेतकऱ्याच्या बायकोची मूठ आहे, हे विसरू नये.

गुण कोणाच्याही अंगी असो, तो घ्यावा. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी वर्षाला एक पैसा मागण्याची कल्पना काढली. लोक हसले असतील. पैशाने काय होणार? त्या पैसाफंडातून 1908 साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. धोंडो केशव कर्वे यांनी 1936 साली खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, तेव्हा त्यांचे वय 78 होते. त्या वयात ते दारोदार फिरून किरकोळ नाणी गोळा करीत. ज्यांच्या शब्दावर मोठमोठे धनिक थैली सोडीत, त्यांना नाणे मागण्याची लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

आता कोणी म्हणेल, मोठी देणगी घेऊच नये काय? घ्यावी, अवश्य घ्यावी. ह्याच कर्व्यांच्या महिला विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 साली 15 लाख रुपये दिले, आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले. त्या पैशाने मोठे काम झाले. दुसरी गोष्ट साताऱ्याची. भाऊरावांनी 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. शिवाजी महाराजांचे नाव बदलून आपले नाव द्या, मोठी रक्कम देतो, असे एक धनिक म्हणाला आणि भाऊरावांनी त्याला साफ नकार दिला, असे लोक आजही सांगतात. ह्या दोन गोष्टींत विरोध नाही. दालनाला, इमारतीला नाव द्यावयाचे की नाही, हे संस्थेने आपल्या मनाने ठरवावे; पैशाच्या दाबाखाली ठरवू नये. आणि कोणाच्या मुलास घ्यावयाचे, कोणी कोणाच्या शेजारी जेवावयास बसायचे, हे तर कोणत्याही किमतीला विकू नये.

ह्यासाठी आम्ही एक साधा नियम सुचवितो. मोठी देणगी भिंतीला लावावी, लहान देणगी भाकरीला. भिंत एकदाच बांधावी लागते. देणारा पुढे रुसला म्हणून ती पडत नाही. भाकरी रोज लागते, म्हणून तिला रोजचा झरा पाहिजे. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातील 2 टक्के भाग समाजकार्यास लावण्याचे बंधन घातले आहे. असा पैसा मिळाला तर पत्रे घाला, संडास-न्हाणीघर बांधा, पाण्याची टाकी बसवा. पण मुलांचे जेवण त्याच्यावर टाकू नका. पुढल्या वर्षी त्यांनी दुसरे गाव निवडले तर आपली पोरे काय खातील?

मुठीने भागेल काय, अशी शंका येईल. हिशेब करू. मूठ लहान धरली तरी 50 ग्रॅम धान्य होते. दोनशे घरांची रोज 10 किलो, महिन्याची 300 किलो, म्हणजे 3 क्विंटल. वाढत्या पोराला दिवसाला अर्धा किलो धान्य धरले तर महिन्याला 15 किलो लागते. म्हणजे 20 मुलांची भाकरी मुठीत निघाली! कोणाच्याही कणगीला ते कळणार नाही. डाळ, तेल, मीठ-मिरची, सरपण ह्यांना रोख पैसा लागेल. घरटी रोज 1 रुपया धरला तर दोनशे घरांचे वर्षाला 73,000 रुपये होतात. रोज एक रुपया ज्याच्या घरी तंबाखूला जात नाही, असे घर दाखवा!

पैसा गावात नाही असे नाही. तो कोठे जातो ते पाहा. लग्नात वाजंत्र्याच्या जागी आता डीजे आला, एका रात्रीत हजारो रुपये हवेत जातात. बाराव्याच्या पंक्ती उठतात, मागे कर्ज राहते. जोतीराव फुले यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या साध्या लग्नांत आपल्या आजोबा-पणजोबांना मोठा धडा होता. खर्च कमी करा आणि पोरांना शिकवा, हा तो धडा. ज्या घरी लग्न साधेपणाने होईल, त्या घराने उरलेल्यातला थोडा भाग वसतिगृहास द्यावा. नवरानवरीचे नाव आपण वहीत आदराने लिहू.

मागावे कसे, हेही शिकले पाहिजे. ज्याच्याजवळ जे असेल ते मागावे, आणि जेव्हा असेल तेव्हा मागावे. शेतकऱ्याकडे मळणी झाल्यावर जावे. पेरणीच्या वेळी त्याच्या घरात बियाण्याचीच चिंता असते. सुताराकडून पैसा मागू नये, चौकट मागावी. लोहाराने कुदळी-विळे शेवटावेत, गवंड्याने दोन दिवस हात द्यावा, शिंप्याने अभ्रे शिवावेत, कुंभाराने माठ द्यावा. त्या कामाची किंमत वहीत रुपयांच्या शेजारीच लिहावी, म्हणजे घाम देणारा रोकड देणाऱ्याच्या बरोबरीने बसेल. आणि जी घरे ऊसतोडीला जातात, त्यांच्याकडूनही घ्यावे. कोणी म्हणेल, ते उचलीखाली दबलेले, त्यांच्याकडून काय घ्यावयाचे? आम्ही म्हणतो, त्यांना वगळाल तर तुम्ही त्यांच्या मुलांना भिक्षेकरी कराल. निघताना त्यांनीही एक मूठ टाकावी, परत आल्यावर एक दिवस सारवण करावे. मग त्यांचे पोर ताठ मानेने पंक्तीस बसेल. देण्याचा मान गरिबाकडून हिरावून घेऊ नका.

परंतु जबरदस्ती नको. वर्गात उभे करून 'तुझ्या बापाने वर्गणी दिली नाही' असे मुलास बोलणे हे पाप आहे. एखाद्या घरातून मूठ आली नाही तर त्या घराची अडचण विचारा. त्याचे मूल मात्र पंक्तीला असेलच.

आता सर्वांत नाजूक गोष्ट, ती हिशेबाची. लोक एकदा देतात ते दयेने. दुसऱ्यांदा देतात ते विश्वासाने. गाडगेबाबांना लोकांनी लाखो रुपये दिले ते का? त्यांच्या अंगावर चिंध्या व हातात गाडगे-झाडू होता, आणि पैशाच्या धर्मशाळा डोळ्यांपुढे उभ्या राहत होत्या. आपल्या कुटुंबासाठी त्यांनी त्यांत वाटा ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. दिलेला पैसा कोठे गेला हे आंधळ्यालाही चाचपून कळत होते.

आपणही तसेच वागू. मूठभर धान्याचीही नोंद होईल. रोख पैशाची पावती जागच्या जागी मिळेल. मोबाईलवरून पाठविलेला पैसा संस्थेच्याच खात्यात जाईल, कोणा पंचाच्या खात्यात नव्हे. दर महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी जमाखर्च चावडीवर मोठ्याने वाचला जाईल आणि फळ्यावर लिहिला जाईल. वाचावयास एक बाई व एक ऊसतोड घरातला माणूस असेल. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करू, दरवर्षी हिशेब तपासून घेऊ. आयकरातील सवलतीची मान्यता मिळवू, म्हणजे शहरात नोकरीस असलेल्या आपल्या गावच्या मुलांना देणगीवर ती सवलत घेता येईल. मात्र 2,000 रुपयांवरील देणगी रोखीने दिली तर ती मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगावे.

शेवटी देणारा वाढवावा कसा, ते सांगतो. रयत शिक्षण संस्थेचे चिन्ह वडाचे झाड आहे. वडाची पारंबी प्रथम दोऱ्यासारखी लोंबते. जमिनीला टेकली की तिचाच खांब होतो आणि ती झाडाला तोलून धरते. देणाराही तसाच असतो. आज मूठ देणाऱ्याला पोरे जेवताना पाहावयास बोलवा. त्याला त्यांची वही दाखवा. वर्षाच्या शेवटी कोण कितव्या वर्गात गेला, हे चार ओळींच्या पत्राने कळवा. नुसते मागावयाचे असेल तेव्हाच दारी जाऊ नका. आभार मानावयासही जा. तो पुढल्या साली पायली देईल, पुढे एखादे झाड देईल, कदाचित दोन गुंठे जागा देईल. आणि जी मुले आज जेवून शिकतील, ती उद्या मिळवती होऊन पहिली पावती फाडावयास येतील. संस्थेचे खरे भांडवल ते आहे.

आमची विनंती थोडी आहे. आज घरी गेल्यावर चुलीजवळ एक मडके ठेवा. उद्या सकाळी दळणातून पहिली मूठ त्यात टाका. आठवड्याने शाळेची मुले ते न्यावयास येतील, आणि किती आले ते चावडीवर तुम्हांलाच वाचून दाखवू. गाड्या निघण्यापूर्वी 20 पोरांची जेवणाची ताटे मांडावयाची आहेत.