एका घरातले दोन बंब



विषय स्नानाच्या पाण्याचा आहे, म्हणून तो क्षुल्लक समजू नये. आपल्या बारामती-इंदापुरात घर तापवावे लागत नाही. ऊब हवी ती पाण्याला. पूर्वी त्यासाठी तांब्याचा एक बंब असे. घरातील बाई पहाटे उठून तो पेटवी, आणि किती लाकडे घालावयाची हे तिला अचूक ठाऊक असे. आता धूर गेला. पुष्कळ घरांच्या गच्चीवर सौर बंब आला आणि त्याच्याच टाकीत विजेची कॉइल बसली. बंब दोन झाले. पाहणारे मात्र कोणी उरले नाही.

परिणाम पाहा. सकाळी सातला स्नाने आटोपतात. जितके कढत पाणी खर्चले तितके गार पाणी टाकीत तळाशी येते. थर्मोस्टॅट इमानी खरा. पण थोड्याच वेळात ऊन चढणार आहे, हे त्याला कळत नाही. गारवा लागताच तो वीज जोडतो. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यावयास सुमारे ४ युनिटे लागतात. २ किलोवॅटच्या कॉइलला ते दोन तासांचे काम. ऊन तापेतो टाकी तापलेली असते. सूर्य फुकट राबावयास तयार, आणि आपण विजेचे बिल भरतो!

नीरा डाव्या कालव्यावरील माणसाला पाळी म्हणजे काय, हे सांगावयास नको. तोच नियम येथे लावावा. पहिली पाळी सूर्याची, तूट भरण्यापुरती विजेची. स्नाने होताच बटण बंद करावे. सायंकाळी थोडे पाणी बादलीत काढून पाहावे. ते कढत असेल तर विजेचे नावही काढू नये. दिवस आभाळाचा गेला असेल तर स्नानापूर्वी तास-दोन तास वीज लावावी, रात्रभर नव्हे. पहाटे उठणे नको असेल त्याने टायमर बसवावा.

आणखी दोन गोष्टी. विहिरीच्या जड पाण्याचा क्षार कॉइलवर बसतो. तो वेळोवेळी काढवून घ्यावा. आणि लेकरांसाठी बादलीत आधी गार पाणी, मग कढत. ६० अंशांचे पाणी कातडी भाजते.

पूर्वीच्या बाईचे कष्ट गेले, हे फार चांगले झाले. तिची नजर तेवढी घरातील सर्वांनी वाटून घ्यावी, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.