दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं काय?



तालुक्याची औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आयटीआय, बंद होणार अशी कुजबुज गावात सुरू होते, तेव्हा मुलांना कोणी काही सांगत नाही. यंदा जोडारी, म्हणजे फिटर, व्यवसायाला प्रवेश नाहीत, एवढंच कानावर येतं. मग एका निदेशकांची बदली होते आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही. लेथ नादुरुस्त होतो, तो तसाच राहतो. दुसऱ्या वर्षाची मुलं आपापसांत विचारू लागतात, "आपली परीक्षा तरी इथंच होईल ना?" आज मला या मुलांविषयी बोलायचं आहे.

कारागीर प्रशिक्षण योजना आपल्या देशात १९५० साली सुरू झाली. स्वतंत्र भारताला कारखाने उभे करायचे होते आणि त्यासाठी शिकलेले हात हवे होते. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. दहावी झालेल्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या मुलाला दोन वर्षांत कारखान्याच्या दारापर्यंत नेणारी ही वाट या राज्यात लाखो घरांनी धरली.

तिथं शिकवतात कसं, हे जरा जवळून पाहू. जोडारीच्या मुलाला सुरुवातीला लोखंडाची पट्टी वाइसमध्ये पकडून कानस चालवायला देतात. कानस पुढे नेताना दाब द्यायचा, मागे आणताना सोडायचा. मग गुण्या लावून पट्टी उजेडाकडे धरायची. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली, की जॉब पुन्हा वाइसमध्ये. तळहाताला घट्टे पडतात. पुढे व्हर्निअर कॅलिपर हातात येतो आणि मुलगा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा विचार करू लागतो. या सगळ्या काळात निदेशक मागे उभे असतात, कोपर कुठं चुकतंय ते बघत. बारावीचा मुलगा १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेला बसू शकतो. जोडारीच्या मुलाला लेथ घरी नेता येत नाही.

"मुलांचं शेजारच्या तालुक्यात समायोजन करू," असं उत्तर मिळतं. कागदावर ते ठीक दिसतं. पण तिथली यंत्रं तेवढीच असतात. जी वीस मुलांच्या तुकडीसाठी होती, त्यांच्यापुढे आता चाळीस मुलं उभी राहतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला प्रात्यक्षिकाचा निम्मा वेळ येतो. शिवाय सकाळची एसटी कितीला, पास कुठून कुठपर्यंतचा, संध्याकाळची गाडी चुकली तर मुलीनं घरी कसं यायचं? वीजतंत्री किंवा संधाता (वेल्डर) व्यवसायाला मोठ्या हिमतीनं घातलेली मुलगी अशा वेळी घरीच बसते, आणि तिचं नाव फक्त हजेरीपटावरून कमी होतं.

जागा रिकाम्या राहतात, हे मलाही मान्य आहे. यंत्रांशिवाय नुसत्या पाटीवर चालणाऱ्या संस्था बंद व्हायलाच हव्यात. पण शासकीय आयटीआयमध्ये मुलं का येत नाहीत, याचा शोध आधी घ्यायला नको का? निदेशकांची पदं वर्षानुवर्षं भरायची नाहीत, जुनेच व्यवसाय चालू ठेवायचे, आणि मग प्रतिसाद नाही म्हणून टाळं लावायचं, हा अन्याय आहे. चाकण, वाळूज, बुटीबोरीचे उद्योजक कुशल माणूस मिळत नाही म्हणतात. अनेक संस्थांमध्ये उद्योजकांना घेऊन नेमलेली व्यवस्थापन समिती आहे. २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ शासकीय संस्थांच्या अशा समित्यांना सुधारणेसाठी प्रत्येकी अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्याची योजना राबवली गेली. आपल्या तालुक्यातल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, एवढं तरी विचारून पाहा.

दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण झाला, तर मुलगा तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. भाषेचे दोन विषय दिले, तर आपल्या राज्यात त्याला बारावीची समकक्षताही मिळते. मध्येच सुटला, तर हातात दहावीचीच गुणपत्रिका उरते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नवे प्रवेश थांबवायचे असतील तर तसं लेखी सांगा. पण जी तुकडी आत आली आहे, तिचं प्रशिक्षण त्याच कार्यशाळेत, पूर्ण वेळ निदेशक देऊन पुरं करा, आणि नापास झालेल्यांची फेरपरीक्षा कुठं होणार हेही आजच कळवा.

तुमच्यापैकी कितीतरी जण आयटीआयमधून बाहेर पडले असतील. कोणाचं हमरस्त्यावर वेल्डिंगचं दुकान असेल, कोणी महावितरणमध्ये असेल, कोणी कारखान्यात. तुमच्या संस्थेबद्दल अशी कुजबुज कानावर आली, तर या आठवड्यात प्राचार्यांना जाऊन भेटा, पालकांना सोबत घ्या, आणि मुलांच्या निवेदनावर तुमचीही सही करा.