कोहिमाची मोहीम आणि शिध्याचा हिशेब
(रत्नागिरी येथे दिलेले भाषण)



युद्धाचा इतिहास आपण सेनापतींच्या नावांनी वाचतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तो शिध्याच्या हिशेबानेही वाचला पाहिजे. जपानी लष्कराच्या एकतिसाव्या डिव्हिजनची हकीकत त्या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

१९४३ साली उभारलेली ही डिव्हिजन लेफ्टनंट जनरल कोतोकू सातो यांच्या हाताखाली मार्च १९४४ मध्ये चिंद्विन नदी ओलांडून कोहिमाकडे निघाली. जवळ शिधा सुमारे तीन आठवड्यांचा. पुढचे अन्न शत्रूच्या कोठारांतून मिळेल, हे वरिष्ठ सेनापती मुतागुची यांचे गणित!

वाटेत मणिपुरातील सांगशाक येथे २२ ते २६ मार्च घनघोर लढाई झाली. तेथे डिव्हिजनची अठ्ठावन्नावी रेजिमेंट लढली. ती निइगाता प्रांतातली, म्हणजे भातशेतीच्या मुलुखातली. समोर इतर पलटणींबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. या मराठा रेजिमेंटला कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली आहेत. त्यांच्या शौर्याविषयी शंका नाही. परंतु वर्षभर न पुरणारे भात आणि मुंबईच्या गिरणीखेरीज दुसरा आधार नसलेले घर, हेही त्या भरतीचे कारण होते. एका साम्राज्याने एका भातकऱ्याला दुसऱ्या साम्राज्याच्या भातकऱ्यासमोर उभे केले.

कोहिमा पूर्णपणे हाती आले नाही, मागून पुरवठा आला नाही. अखेर जूनच्या आरंभी सातो यांनी हुकूम मोडून माघार घेतली. त्यांना पदावरून दूर करून मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरविण्यात आले. कोर्टमार्शल मात्र झाले नाही. झाले असते, तर शिधा न पुरविणाऱ्यांनाच जाब द्यावा लागला असता. इंफाळ-कोहिमा मोहिमेत सुमारे ३० हजार जपानी सैनिक मेले, त्यांतले बहुतेक उपासमारीने आणि रोगराईने. स्वातंत्र्यासाठी त्यांच्याबरोबर आलेल्या आझाद हिंद सेनेच्या जवानांनीही तीच उपासमार सोसली.

ब्रिटिशांचा विजय झाला, म्हणून त्यांचा हिशेब निर्दोष ठरत नाही. आदल्याच वर्षी, १९४३ साली, त्यांच्याच राज्यात बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली होती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: युद्धाचा निर्णय घेणारे आणि उपाशी राहणारे हे जोवर वेगळे आहेत, तोवर विजयाच्या जयघोषात सामील होण्यापूर्वी जनतेने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हा शिधा कोणाच्या ताटातून जाणार?