अब्बांचे पेन

आमचे अब्बा शाळेत गेले तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि वर निजामाचे राज्य. शिक्षण उर्दूत. १९४८ नंतर ते मराठी शिकले, पण घरचा हिशेब शेवटपर्यंत उर्दूतच. त्यांचे ड्रॉपरने शाई भरायचे पेन आता माझ्याकडे आहे.

या पेनात सगळी शाई थेट नळीत असते. ती अर्ध्याखाली गेली, की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब पडतो. आमच्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका! म्हणून मी नळी भरलेली ठेवतो. महिन्यातून एकदा निब आणि जीभ गार पाण्यात भिजवतो. गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग विटतो.

खरी अडचण निबची. उजवीकडून डावीकडे लिहून तिचे टोक अब्बांच्या हाताप्रमाणे झिजले आहे. मी शिरोरेघ ओढली की ती खरखरते. एक कारागीर म्हणाला, “पाच मिनिटांत घासून देतो.” मी पेन त्याच्या हातातून परत घेतले.

आता जरा फिरवून धरतो. कवितेचा पहिला खर्डा याच पेनाने. अंकाला पाठवायची प्रत बॉलपेनने.