सुटलेले पोट आणि चिनी उपचार



चिनी उपचारांनी सुटलेले पोट उतरते काय, असे मला वारंवार विचारले जाते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्यातीलच डॉ. बसू यांनी पुढे अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले. चिनी वैद्यक या विकाराचे मूळ प्लीहेच्या दुर्बलतेत व शरीरात साचलेल्या ‘ओलाव्यात’ शोधते. आपल्या मंदाग्नीची आठवण व्हावी, असा हा विचार. नाभीच्या बाजूंस व गुडघ्याखाली सुया देतात. लाभाचा पुरावा अद्याप कच्चा आहे. तरी प्रशिक्षित हातांनी, निर्जंतुक सुयांनी हे कोणी करून घेतल्यास माझी हरकत नाही.

हरकत आहे ती पुड्यांना. १९९० नंतर बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली. शंभराहून अधिक रुग्णांच्या, बहुतांशी स्त्रियांच्या, मूत्रपिंडांना इजा झाली; अनेकींवर डायलिसिसची वेळ आली.

कंबरेचा घेर पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असल्यास रक्तातील साखर व रक्तदाब तपासावा. पोट वाढते आणि हातपाय वाळतात, तेव्हा ती चरबी समजू नये. आत पाणी किंवा गाठ असू शकते. तपासणीस येताना घरातील सर्व पुड्या संकोच न करता पिशवीत घालून आणाव्यात.