परक्या बेटावरचे कष्ट



आजचा विषय आपल्या नेहमीच्या वाटेवरचा नाही. संत नाहीत, नाट्यसंगीत नाही, सयाजीराव महाराजांच्या काळातले बडोदेही नाही. मी आपल्याला पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर नेणार आहे. तिथे गेलेले तरुण अमेरिकन होते आणि मॉर्मन पंथाचे प्रचारक होते. त्यांचा धर्म आपला नाही आणि धर्मांतराच्या कामाविषयी आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आढी असणार, हे मी जाणतो. ती आढी बाजूला ठेवा असे मी म्हणणार नाही. ती मनात असू द्या आणि तरीही ऐका. कारण प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. कष्टात आनंद कुठून येतो?

या पंथातले तरुण ऐन उमेदीची साधारण दोन वर्षे प्रचारासाठी देतात. पाठवतील त्या देशात जायचे, खर्चाचा बराचसा भार स्वतः किंवा घरच्यांनी उचलायचा, आणि जोडीने राहायचे. दारोदार फिरायचे, बहुतेक दारांवर नकार ऐकायचा. वरवर पाहता यात आनंदाचे काही दिसत नाही. पण ही परंपरा कशी रुजली हे पाहायचे असेल, तर १८५० सालात जावे लागते.

त्या वर्षी कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणींवर राबणाऱ्या मॉर्मन तरुणांपैकी दहा जणांना हवाईला जाण्याची आज्ञा झाली. डिसेंबरमध्ये ते होनोलुलूला उतरले. त्यांची कल्पना अशी, की तिथल्या गोऱ्या वस्तीत इंग्रजीतून बोलावे. पण गोऱ्यांनी त्यांच्याकडे जवळजवळ पाठच फिरवली. दहांपैकी निम्मे थोड्याच काळात परतले. त्यांत त्यांचा प्रमुखही होता. त्यांना मी नावे ठेवणार नाही. ज्या कामासाठी आलो ते कामच नाही असे वाटले, तर माणूस परततो.

राहिलेल्यांत जॉर्ज कॅनन होता. वय तेवीस, जन्म लिव्हरपूलचा. त्याने ठरवले, की हवाई लोकांमध्ये राहायचे आणि त्यांची भाषा शिकायची. माउई बेटावर तो हवाई माणसांच्या घरी राहिला, त्यांचे अन्न खाल्ले, आणि चुकत-माकत बोलू लागला. पुढे वायलुकू गावी त्याला जोनाथाना नापेला भेटला. नापेला हवाई कुळातला, शिकलेला, न्यायाधीशाच्या पदावर असलेला गृहस्थ. या दोघांनी मिळून ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ हवाई भाषेत आणला.

त्यांची पद्धत आपण साहित्याच्या मंडळींनी ऐकण्यासारखी आहे. कॅनन काही पाने भाषांतरित करी, मग ती नापेलापुढे ठेवी आणि विचारी, यातून तुम्हाला काय समजले ते सांगा. सांगितलेला अर्थ मुळाशी जुळला तर पुढे जायचे. नाही जुळला तर पुन्हा बसायचे. इथे गुरू कोण आणि शिष्य कोण? उपदेश करायला आलेला तरुण रोज विद्यार्थी होऊन बसत होता. १८५३ मध्ये मसुदा पुरा झाला. त्याच वर्षी देवीच्या साथीने हवाईत हजारो माणसे दगावली, हेही विसरू नये. ते काम सुखाच्या दिवसांत झालेले नाही. दोन-तीन वर्षांनी ग्रंथ सॅन फ्रान्सिस्कोत छापला गेला. युरोपबाहेरच्या भाषेत झालेले त्याचे ते पहिले भाषांतर.

ज्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून आपले वाक्य बरोबर अर्थाने परत येते, त्या दिवशीचा आनंद भाषेचे काम करणाऱ्यालाच कळतो. तो कष्टांचे बक्षीस म्हणून नंतर मिळत नाही. तो कष्टांच्या आतच असतो.

दुसरा तरुण याहूनही लहान. जोसेफ एफ. स्मिथ. पाच वर्षांचा असताना वडील जमावाच्या हातून मारले गेले, तेराव्या वर्षी आई गेली. पंधराव्या वर्षी, १८५४ मध्ये, त्याला हवाईला पाठवले. जहाजाच्या भाड्यासाठी त्याने वाटेत कॅलिफोर्नियात छपराच्या लाकडी फळ्या पाडणाऱ्या कारखान्यात मजुरी केली. बेटावर पोचला आणि तापाने अंथरुणाला खिळला. मा मानुही नावाच्या हवाई बाईने या पोरक्या मुलाला आपल्या घरी ठेवून पोटच्या पोरासारखे जपले. तीनेक महिन्यांत तो भाषा बोलू लागला. एकदा आगीत कपडे जळाले आणि दोघा सोबत्यांत एकच पोशाख उरला. एक जण सभेला जाई, दुसरा घरी अंथरुणात थांबे!

पुढे हा मुलगा साऱ्या पंथाचा अध्यक्ष झाला. त्या पदावर असताना तो होनोलुलूला गेला, तेव्हा स्वागताच्या गर्दीतून एक अंध म्हातारी त्याच्या हवाई नावाने, ‘योसेपा, योसेपा’ अशी हाक मारत पुढे आली. हातात थोडी केळी होती. अध्यक्षमहाशय धावत गेले आणि तिला आई म्हणून कवटाळले. देण्यासाठी गेलेला मुलगा तिथून आई घेऊन परतला होता.

मला यातून एवढेच दिसते, की नुसत्या कष्टांत आनंद नसतो. असता, तर वेठबिगार हा सर्वांत सुखी माणूस ठरला असता. कष्ट आपण पत्करलेले असावे लागतात, ते कोणाच्या तरी उपयोगी पडावे लागतात, आणि ज्यांच्यासाठी करतो त्यांच्याकडून शिकण्याची तयारी असावी लागते. नापेलाची पत्नी कुष्ठरोगी ठरली आणि तिला कालाउपापाच्या वसाहतीत धाडण्यात आले, तेव्हा तो तिच्याबरोबर गेला, तिथल्या रुग्णांचे काम पाहू लागला आणि तिथेच वारला. कष्टांचा अर्थ तोही जाणत होता; किंबहुना अधिकच.

आपल्या बाजूलाही असे उदाहरण आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले गेले. हेतू धर्मप्रसाराचाच होता. पण ओवी त्याला कोणा मराठी माणसाकडूनच शिकावी लागली असणार.

आता आपल्या अंगणात या. आपले पूर्वज गायकवाडांच्या दौलतीबरोबर इथे आले, घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलत नांदले. आज मंडळाच्या प्रत्येक सभेत एकच तक्रार ऐकू येते, की तरुण फिरकत नाहीत. मी उलट विचारतो, आपण त्यांना काय काम देतो? सतरंज्या घालणे, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे आणि मागच्या रांगेत बसून आपली भाषणे ऐकणे! पंधरा वर्षांच्या मुलावर एक भाषा आणि एक बेट सोपवता येते, तर आपल्या मुलामुलींवर वाचनालयातली जुनी मोडी दफ्तरे का सोपवू नयेत? शेजारच्या गुजराती लेखकाची कथा मराठीत आणायला का सांगू नये? चुकतील. मग नापेलासारखे समोर बसून विचारावे, बाळा, यातून मला हे समजले. तुला हेच म्हणायचे होते का?

सोपी कामे देऊन आपण त्यांना राखू पाहतो. अवघड काम देऊन पाहा. येत्या वर्षी मंडळाने असे एक तरी काम त्यांच्या हाती द्यावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.