आधी चुलीपाशी जाऊ द्या
(नगर जिल्ह्यातील महिला मंडळे व बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



बाईला चुलीतून बाहेर काढायचं, असं आपण चळवळीत म्हणत आलो. मलाही ते पटतं. पण मी दृष्टिहीन आहे, आणि दृष्टिहीन बायकांच्या घरी जाऊन त्यांना रोजची कामं शिकवते. तिथे मागणी उलटीच ऐकू येते : आधी चुलीपाशी जाऊ तर द्या!

तिला घरात काम नसतं असं समजू नका. हापशाचं पाणी, भांडी, धुणं, भावाची पोरं, सगळं तिच्याकडे. फक्त स्वयंपाक नाही. "भाजशील गं," म्हणतात. त्यात माया असते, मी नाकारत नाही. पण मग चहासुद्धा मागायचा आणि ताट कोण वाढतंय याची वाट बघत बसायचं. (बघत म्हणते मी. आम्हीही हेच शब्द वापरतो, अवघडू नका.) पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मागे राहते म्हातारी आणि ही. म्हातारीला चूल होत नाही, हिला कुणी शिकू दिलेली नाही. अशा वेळी मायेनं पोट भरत नाही.

शिकायचं असतं ते फार अवघड नाही. पदर खोचायचा. भांडं आधी शेगडीवर ठेवायचं, मधोमध आहे का चाचपायचं, मगच गॅस पेटवायचा. मोहरी तडतडायची थांबली की कांदा. तांदळावरचं पाणी बोटाच्या पेरानं मोजायचं. दुधात चकती टाकली की उकळताना ती खडखडते. मिठाच्या डब्याला रबर लावलं की तो साखरेचा वाटत नाही. भाकरी थापणं हातालाच कळतं; तव्यावर टाकणं अवघड, म्हणून तो सराव थंड तव्यावर करायचा. पहिल्या दोन-चार दुमडतात. त्या खायच्या. घरच्यांना अट एकच : डबा जिथून घेतला तिथेच ठेवा. डोळस माणसांना हे शिकवायलाच जास्त वेळ लागतो.

काठीचं तसंच. पांढरी काठी साधारण छातीच्या हाडापर्यंत उंच हवी. डावं पाऊल पुढे तेव्हा टोक उजवीकडे, उजवं पुढे तेव्हा डावीकडे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत ही पद्धत बसवली गेली. आपल्या गावात फुटपाथ कुठला? तिथे डांबराची कड आणि बाजूचा मुरूम, यातला फरक टोकानं ओळखायचा. पण "काठी घेतली की चारचौघांत दिसेल, धाकटीचं लग्न अडेल," हे ऐकावं लागतं. जणू गावाला ठाऊकच नव्हतं! एसटीत दृष्टिहीनांना ७५ टक्के सवलत आहे. घराबाहेर पडू दिलं तर तिचा उपयोग.

आणि पैसा. १००, २०० आणि ५०० च्या आताच्या नोटांची रुंदी सारखीच, लांबी मात्र १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर. चार-चार मिलिमीटरचा फरक बोटांना सरावानं कळतो. कडेला उठावाच्या रेघाही आहेत, पण नोट जुनी झाली की त्या झिजतात. दृष्टिहीनांना चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच बँकांना कळवलं आहे. तरी एका बँकेत मला "घरातल्या पुरुषाला घेऊन या," असं सांगितलं गेलं. निराधार योजनेचे पैसे तिच्या नावावर येतात, पासबुक भावाच्या कपाटात असतं. याला आपण दुसऱ्या कुठल्याही बाईच्या बाबतीत काय म्हणतो?

सावित्रीबाईंनी आपल्या नगरमध्ये मिस फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले, हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. आज ती दादरची मुलींची शाळा आहे. मुलींची सोय काही प्रमाणात झाली. पण काचबिंदूनं किंवा मधुमेहानं चाळिशीत दृष्टी गेलेल्या बाईला कुठली शाळा घेणार? तिच्या गावात असतो तो तुमचा बचत गट.

तेव्हा पुढच्या बैठकीचा निरोप तिच्या भावाकडे नको, तिलाच द्या. बैठकीच्या जागेपर्यंत दोन-तीनदा कुणीतरी सोबत चाला. हात धरून ओढू नका. तुमचं कोपर तिला धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे राहा. वाट पाठ झाली की ती काठी घेऊन एकटी निघेल. त्या दिवशी तिला उशीर झाला, तर बैठक थोडी उशिरा सुरू करा.